पावसाळ्याआधी ओबी डंपची फेरी कशी घ्यावी

मी चंद्रपूरकडच्या उघड्या कोळसा खाणीत ओव्हरमन, म्हणजे शिफ्टच्या कामावर आणि सुरक्षेवर देखरेख ठेवणारा आहे. नवीन सरदार (ओव्हरमनच्या हाताखाली पाहणी करणारे) ओबी डंप, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडांचा ढिगारा, बघायला निघाले की थेट माथ्यावर चढतात. माझा आग्रह उलटा असतो. फेरी पायथ्यापासून सुरू करा आणि आधी पाणी कुठून येतं, कुठे जातं ते बघा. पाणी आत मुरलं की ढिगाऱ्याचं वजन वाढतं, मातीची पकड सुटते, आणि मग तो खाली येतो.

आपल्याकडे वर काळी माती, तिच्याखाली बऱ्याच ठिकाणी कामठी थराचा वालुकाश्म (वाळूचा दगड) आणि त्याखाली कोळसा. ही काळी माती डंपच्या बुडाशी राहिली तर घात होतो. मे महिन्यात ती भेगाळते, जुलैत फुगून साबणासारखी निसरडी होते. म्हणून डंप पुढे सरकवायच्या आधी तिथली काळी माती काढून वेगळी ठेवली आहे ना, ते स्वतः बघा. खाली जुना नाला किंवा झरा होता का, हे गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा. वेल्समधल्या अबरफानला 21 ऑक्टोबर 1966 रोजी जो ढिगारा शाळेवर आला, तो झऱ्यांवर रचलेला होता. 144 माणसं गेली, त्यात 116 मुलं होती. ही गोष्ट मी प्रत्येक नवीन पोराला सांगतो.

गार्लंड नाली, म्हणजे डंपभोवती पाणी वळवायला खणलेली नाली, पूर्ण घेराभर पायी बघा, जीपमधून नाही. काठापासून गाळापर्यंत काठी टाकून खोली मोजा. दीड मीटरची नाली पाऊण मीटरच उरली असेल, तर ती अर्धी बुजली आहे. जिथे तळाला उलटा उतार आहे तिथे पाणी तुंबतं आणि पायथ्यात मुरतं, तिथे खूण करून ठेवा. ह्यूम पाइपच्या (सिमेंटच्या मोठ्या नळाच्या) तोंडाशी अडकलेली झुडपं, पोती, प्लास्टिक तेव्हाच काढायला लावा. नाली जिथे सुटते तो सेटलिंग पॉन्ड (गाळ खाली बसवायचं तळं) मागच्या वर्षीच्या गाळाने भरलेला असेल, तर या वर्षीचा गाळ सरळ नाल्यात आणि शेजारच्या कपाशीत जाणार. पहिला मोठा पाऊस थांबला की हीच फेरी पुन्हा घ्या. पाण्याची खरी वाट तेव्हाच दिसते.

पायथ्याशी ओल शोधा. पावसाआधीच ओल दिसली तर आत पाणी साठलेलं आहे. झिरपणारं पाणी बाटलीत भरून उजेडात धरा. ते गढूळ असेल तर आतली माती वाहून येते आहे, आणि तो निवळ पाण्यापेक्षा मोठा धोका. जमीन फुगलेली दिसली, बाभळी एकाच बाजूला कलल्या, टो-वॉलला (पायथ्याच्या भिंतीला) पोट आलं, तर लगेच कळवा. टो-वॉल गाळ अडवायला असते. तिच्या आधाराने डंप जास्त उभा ठेवायला नियमाची परवानगी नाही.

2017 च्या कोळसा खाण नियमांनुसार डंपचा उतार मातीच्या नैसर्गिक कोनापेक्षा, म्हणजे मोकळी माती ओतली की ती आपोआप ज्या कोनात थांबते त्यापेक्षा, जास्त नको, आणि कसाही असला तरी 37.5 अंशांच्या वर नको. उंची 30 मीटरच्या वर गेली की बेंच, म्हणजे पायऱ्या, पाडायचे, एकही बेंच 30 मीटरपेक्षा उंच नको, आणि एकूण उतार उभा 1 ला आडवा 1.5 यापेक्षा तीव्र नको. पायथा सार्वजनिक रस्ता, रेल्वे किंवा घरांपासून 100 मीटरच्या आत यायला नको. मोजणी सर्व्हेवाल्यांची, पण डोळा आपलाही तयार हवा.

आता माथ्यावर या. बेंचवरचं पाणी आतल्या बाजूला वळून नालीत जायला हवं. कडेवरून ओघळ सुटले असतील तर डोझर लावून उतार दुरुस्त करून घ्या. कडेला समांतर जाणारी भेग दिसली की दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका, अंतर टेपने मोजा, तारीख-वेळ लिहा. नंतर भेग चिकणमातीने बुजवून ठोकून घ्या, म्हणजे पाणी आत जाणार नाही. खुंट्या मात्र तशाच राहू द्या.

रजिस्टरमध्ये नुसतं ‘डंप ठीक’ लिहू नका. कुठला बेंच, कुठली बाजू, भेग किती, ओल कुठवर, असं लिहा, म्हणजे पुढच्या शिफ्टच्या माणसाला नेमकी तीच जागा बघता येईल. मुसळधार पावसात पायथ्याखाली जाऊ नका, आणि एकट्याने तर कधीच नाही.

खुंट्यांमधलं अंतर प्रत्येक मोजणीला आधीपेक्षा जास्त वेगाने वाढत असेल, तर कोणाच्या परवानगीची वाट बघू नका. शॉवेल (खोदाईचं यंत्र), डंपर आणि खाली संपवरच्या, म्हणजे खाणीचं पाणी साठतं त्या खड्ड्यावरच्या, पंपाशी बसलेला माणूस आधी बाहेर काढा. त्या पंपवाल्याला हाक मारायची बहुतेक वेळा राहून जाते. मॅनेजरला फोन त्यानंतर.