दाखला नसलेलं पोर पटावर घेताना

गडचिरोलीतल्या सिरोंच्याकडच्या जिल्हा परिषद शाळेवर नव्याने रुजू झालात, तर जूनमध्ये एखादी बाई पोराचा हात धरून दारात उभी राहील. ना टीसी, ना जन्माचा दाखला. गाव विचारलं तर "तिकडलं" एवढंच सांगेल. तिला आधी बसवा, पाणी द्या. कागदांचं नंतर.

तिकडलं म्हणजे छत्तीसगडच्या बस्तरातलं. 2005 च्या जूनमध्ये तिथे सलवा जुडूम, म्हणजे सरकारच्या पाठिंब्याने नक्षलवाद्यांविरुद्ध गावकऱ्यांना उभं करणारी मोहीम, सुरू झालं. गावं उठवून माणसं रस्त्याकडेच्या छावण्यांत आणली. गेले नाहीत ते नक्षलवादी ठरले, गेले ते नक्षल्यांच्या लेखी गद्दार. हजारो कुटुंबं तेव्हाच्या आंध्रात पळाली आणि आज तेलंगणात असलेल्या जंगलांत राहिली. तिथे त्यांना गोत्ती कोया म्हणतात, पण आदिवासींच्या सवलती देत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जुडूमला लगाम घातला खरा. तुमच्यासमोरचं पोर मात्र बहुतेक वेळा तेव्हा पळालेल्या पोरांचं पोर असतं.

प्रवेश त्याच दिवशी द्या. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 14 प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही, आणि कलम 5 प्रमाणे टीसीला उशीर हे कारण चालत नाही. मुख्याध्यापक कुरकुरले तर वाद घालू नका, कायद्याची प्रत टेबलावर ठेवा. जातीच्या दाखल्यासाठी तर मुळीच अडवू नका. तो मिळेपर्यंत पोर मिसरूड फुटण्याच्या वयाचं होतं.

वय काढायची माझी रीत सांगते. आईला सन विचारू नका. लॉकडाऊन लागलं तेव्हा हे अंगावर पीत होतं की चालत होतं, ते विचारा. तिला ते पक्कं आठवतं, कारण त्या उन्हाळ्यात कितीतरी जणी मिरची तोडणीहून पायी परतल्या. मग थोरल्या-धाकट्या भावंडांशी ताळा घाला, वयाचं निवेदन लिहून घ्या, तिची सही किंवा अंगठा घेऊन फाइलला लावा. आधार असलं तरी त्यावरच्या 1 जानेवारीवर भरवसा ठेवू नका. आडनाव तेलुगूत एक, हिंदीत दुसरं असतं. आई उच्चारते तसं लिहा.

दहा वर्षांच्या पोराला अक्षर येत नसलं तरी पहिलीत बसवू नका. लाजेने दिवाळीआधीच शाळा सोडतं. कलम 4 वयाला साजेसा वर्ग आणि वेगळं शिकवणं, दोन्ही देतं. शेजारी माडिया (इथली आदिवासी बोली) बोलणारं पोर बसवा; बोली थोडी वेगळी असली तरी दोघांचं जमतं. तेलुगू येत असेल तर निम्मं काम झालं.

बाप काय करतो, गावात रात्री कोण यायचं, हे कधीच विचारू नका. वर्गातलं उत्तर आठवडी बाजारात पोचतं, आणि या भागात खबऱ्या ठरवून माणसं मारली गेलीत. पोर दलमबरोबर, म्हणजे नक्षल्यांच्या सशस्त्र तुकडीबरोबर, फिरलंय असं आपणहून बोललं तर वर्गात चर्चा नको. बालकल्याण समितीला किंवा 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला कळवा. मुलांना वापरणारा गुन्हेगार, मूल नव्हे, असं 2015 चा बाल न्याय कायदा सांगतो. हेलिकॉप्टरच्या आवाजाने पोर बाकाखाली शिरलं तर ओढून काढू नका, हसणाऱ्यांना गप्प करा.

जानेवारीत कुटुंब पुन्हा मिरचीला निघेल. नाव कमी करू नका. शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित पोराला दुसऱ्या शाळेत दाखवायचं कार्ड) भरून आईच्या हातात द्या, आणि पोराला कुठवर वाचता येतं ते त्यावर स्पष्ट अक्षरात लिहा.