जुने फोटो रंगवताय? आधी आजीचं कुंकू सांभाळा

ॲपमध्ये जुना काळा-पांढरा फोटो टाकला, बटण दाबलं, रंगीत आजी तयार! मग ती आजी घेऊन मंडळी माझ्याकडे येतात, 'जरा नीट करून द्या' म्हणत.

पण सगळ्यात मोठा घोळ मी स्वतःच घातलाय. पोस्टकार्डाएवढा फोटो होता, नवरा-बायको शेजारीशेजारी, कागदावर बुरशीचे ठिपके. कंटाळा केला आणि फोटोशॉपचा 'डस्ट अँड स्क्रॅचेस', म्हणजे डाग-ओरखडे एका फटक्यात पुसणारा फिल्टर सगळ्या फोटोवर फिरवून मोकळा झालो. प्रिंट पोचवली. घरातल्या ऐंशीच्या आत्याबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. "अहो, आईचं कुंकू कुठं गेलं? बाबा तर शेजारीच बसलेत!" मी गार. ठिपक्यांबरोबर कुंकूही पुसलं गेलं होतं. तेव्हापासून चेहऱ्यावर फिल्टर बंद. दोनशे टक्के झूम आणि हातानं हीलिंग ब्रश, म्हणजे एकेक डाग शेजारच्या भागानं झाकायचा. कुंकू, नथीचे मोती, मंगळसूत्राचे मणी आधी मोजून घेतो.

आत्याबाई एवढ्यावर थांबल्या नाहीत. "लुगडं बाटलीहिरवं कुणी केलं?" आत जाऊन वाकळ घेऊन आल्या. तिच्यात त्या लुगड्याचा तुकडा होता, डाळिंबी लाल!

फोटोत गडद दिसतंय म्हणजे गडद रंगाचंच असणार, हा अंदाज इथे फसतो. जुन्या काळी फोटोला वापरत त्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला लाल रंग जवळपास दिसतच नाही. त्यामुळे लाल लुगडं काळपट येतं, कुंकू काळा ठिपका होतं आणि निळं आभाळ पांढरंफटक. करड्या छटेवरून रंग ओळखणारं सॉफ्टवेअरही इथेच गंडतं. बरं, फोटोवर रंगाचा वेगळा थर, म्हणजे लेयर, ठेवून त्याचा ब्लेंड मोड (खालच्या फोटोत मिसळायची पद्धत) 'कलर' केला आणि लाल ओतलं तरी भागत नाही, कारण तो मोड उजेड-अंधाराला हात लावत नाही. आधी मास्क लावून तेवढाच भाग वेगळा करायचा, कर्व्हज या उजेड कमी-जास्त करणाऱ्या सोयीनं थोडा उजळायचा, मग लाल. आणि त्याच्याही आधी घरच्यांना फोन करून विचारायचं. नवशिक्यांना नेमका याच फोनचा कंटाळा.

बाकीचं थोडक्यात. काचेच्या फ्रेमचा मोबाइलनं काढलेला फोटो मी परत पाठवतो. फ्रेममधून काढा, ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, टिफमध्ये, म्हणजे बारकावे न गमावणाऱ्या फाइलमध्ये ठेवा. मूळ फाइलवर सेव्ह करणाऱ्याला माफी नाही. धोतर दुधासारखं पांढरं करू नका, किंचित पिवळट राहू द्या. अख्ख्या चेहऱ्याला एकच बदामी रंग फासला की माणूस मेणाचा दिसतो. कान, ओठ, नाकाचा शेंडा जरा लालसर हवा. आणि कृपा करून सगळ्यांना गोरं करू नका, शेतात राबलेली माणसं होती ती.

रात्री रंग संपले की मी फाइल बंद करतो. सकाळी चहाआधी उघडली की हमखास सगळं भडक वाटतं. मग रंगाच्या लेयरची ऑपॅसिटी, म्हणजे गडदपणा, साठ-सत्तर टक्क्यांवर आणतो.

आत्याबाईंचा दुसरा फोटो सध्या टेबलावर आहे. पाच बायका, पाच लुगडी. चौघींच्या लुगड्यांचे रंग त्यांनी सांगितले. पाचवीसाठी वाकळ पुन्हा उलगडणार आहेत.