सेझांब्रच्या दोन वह्या : एका बेटाचा इतिहास शोधण्याआधीची तयारी

आधी दोन वह्या घ्या. एका वहीवर ‘जमीन’ लिहा, दुसरीवर ‘दावा’. सेझांब्रच्या बाबतीत ही पायरी गाळली तर पुढची सगळी मेहनत गढूळ होते, म्हणून ती सर्वांत आधी सांगतो.

सेझांब्र हे फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर, सँ-मालो शहरासमोर समुद्रात असलेलं छोटंसं खडकाळ बेट. फ्रेंच नकाशात ते फ्रान्सचं आहे आणि प्रत्यक्षातही फ्रान्सचंच आहे. पण टालोसा नावाचं एक मायक्रोनेशन, म्हणजे कुठल्याही देशाने मान्यता न दिलेलं स्वघोषित राष्ट्र, या बेटाला आपला प्रांत म्हणतं. टालोसाचा जन्म मात्र अटलांटिकच्या पलीकडचा. २६ डिसेंबर १९७९ रोजी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात रॉबर्ट बेन मॅडिसन या चौदा वर्षांच्या मुलाने आपली झोपायची खोली स्वतंत्र राज्य म्हणून जाहीर केली. फिनिश भाषेत ‘टालोसा’ म्हणजे ‘घरात’. पुढे या घराने मिलवॉकी नदी आणि मिशिगन सरोवर यांच्यामधल्या शहरभागावर हक्क सांगितला आणि महासागर ओलांडून सेझांब्रवरही. आपल्याला शोधायचा आहे तो या बेटाचा टालोसाच्या विश्वातला इतिहास. तो खरोखर घडलेला इतिहास आहे, कारण माणसांनी ठराव मांडले, मतं दिली, भांडणं केली. फक्त तो बेटाच्या मातीवर घडलेला नाही.

म्हणून दोन वह्या. मायक्रास या, मायक्रोनेशनवाल्या हौशी मंडळींनी रचलेल्या, संपूर्ण कल्पित ग्रहावरचा एखादा प्रदेश निवडला असता, तर जमिनीची वही कोरीच राहिली असती. तिथे नकाशाच्या एकामागून एक निघालेल्या आवृत्त्या हीच जमीन. सेझांब्रचं तसं नाही, त्याच्या दोन्ही वह्या भरतात. नेमका म्हणूनच नवशिक्याचा इथे घोळ होतो.

जमिनीच्या वहीपासून सुरुवात करा, तिथे पाय लवकर टेकतात. नावाची दोन्ही स्पेलिंग टिपून ठेवा. जुन्या कागदांत मधलं अक्षर वेगळं असतं, आणि एकाच रूपाने शोधलंत तर निम्मे संदर्भ हातातून जातील. मग मोठे टप्पे मांडा. सतराव्या शतकात इथे ख्रिस्ती संन्याशांचा मठ होता. १६९३ मध्ये सँ-मालोवर चालून आलेल्या इंग्रज आरमाराने बेटावर उतरून तो उद्ध्वस्त केला. पहिल्या महायुद्धात बेल्जियन सैन्याने शिक्षा झालेल्या आपल्या सैनिकांची तुकडी इथे ठेवली होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बेटावर तोफा आणि बंकर उभारले. १७ ऑगस्ट १९४४ रोजी सँ-मालोचा किल्ला पडला, तरी बेटावरची शिबंदी हटेना. त्यानंतर जे झालं ते वाचताना मन सुन्न होतं. विमानांनी बाँबचा पाऊस पाडला, नापाम हे चिकटून जळणारं इंधन टाकलं, १ सप्टेंबरला ब्रिटिश युद्धनौका मलायाने तोफा डागल्या. २ सप्टेंबरला शिबंदी शरण आली. या भडिमाराच्या खुणा जमिनीवर आजही दिसतात. फ्रान्सच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेने जुनी हवाई छायाचित्रं सर्वांसाठी खुली केली आहेत. त्यांतला युद्धानंतरचा फोटो आणि आजचा फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा, खड्डे मोजावेसे वाटतील.

एक गोष्ट सहज निसटते. सँ-मालोच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक तेरा मीटरच्या आसपास जातो, युरोपातल्या सर्वांत मोठ्या फरकांपैकी हा एक. त्यामुळे बेटाचं क्षेत्रफळ लिहिताना ते भरतीचं की ओहोटीचं, हे तपासल्याशिवाय आकडा उतरवू नका.

आता दाव्याची वही. इथे राजवाडे आठवतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून अस्सल पत्रांचे खंड छापायला घेतले. घटना घडून गेल्यावर कुणीतरी रचून सांगितलेली बखर आणि घटनेच्या वेळीच लिहिलेला कागद यांची किंमत सारखी धरायची नाही, हा त्यांचा आग्रह. टालोसाच्या बाबतीत तो जसाच्या तसा लागू पडतो. देशाचा सविस्तर इतिहास संस्थापकानेच लिहिला आहे. तो वाचाच, पण बखर म्हणून वाचा. त्याच संस्थापकाने टालोसाचं नातं उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांशी जोडणारा सिद्धांतही रचला. तो जमिनीच्या वहीत चुकूनही उतरवू नका. दाव्याच्या वहीत मात्र त्याला मानाची जागा द्या, कारण लोकांनी स्वतःविषयी काय मानायचं ठरवलं हाही इतिहासच आहे.

समकालीन कागद कुठे मिळतील? टालोसाला संसद आहे, तिची दोन सभागृहं आहेत आणि विधेयकं ‘क्लार्क’ नावाच्या मासिक पत्रकात मतदानाला येतात. सेझांब्र हे नाव पहिल्यांदा कोणत्या ठरावात आलं आणि प्रांताचा दर्जा कोणत्या ठरावाने मिळाला, हे त्यांत शोधा. नंतर कुणीतरी दिलेल्या तारखेवर समाधान मानू नका. या बेटावर टालोसाचं कुणी राहत नाही. जगाच्या कोणत्या भागातला नागरिक कोणत्या प्रांतात मोडतो, हे टालोसाच्या कायद्याने ठरतं. म्हणजे सेझांब्रचे ‘रहिवासी’ दुसऱ्याच गावांत आपापल्या घरी बसलेले असतात. हा नियम त्या त्या काळी काय होता ते टिपा, नाहीतर प्रांताची लोकसंख्या, निवडणुका, कशाचाच अर्थ लागणार नाही.

काळाचे कप्पेही आधीच पाडून ठेवा. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा देश मुख्यतः ओळखीपाळखीच्या माणसांचा आणि छापील पत्रकांचा. त्यानंतर इंटरनेटवरून अनोळखी नागरिक येऊ लागले आणि सगळा बाज पालटला. २००४ मध्ये एक गट फुटून टालोसाचं प्रजासत्ताक झालं, २०१२ मध्ये दोन्ही पुन्हा एक झाले. या आठ वर्षांतली प्रत्येक नोंद कोणत्या बाजूची, हे समासात लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. जिंकलेल्या-हरलेल्या दोन्ही बाजूंनी एकच प्रसंग वेगळा सांगितलेला सापडेल. तो जुळवायची घाई नको, दोन्ही उतरवा.

जालावरचा कागद पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातल्या रुमालांत बांधलेल्या जुन्या कागदांपेक्षा नाजूक असतो, हे मी मनापासून सांगतो. जिओसिटीज ही फुकट संकेतस्थळांची सेवा २००९ मध्ये बंद झाली तेव्हा हौशी माणसांनी बांधलेली असंख्य पानं गेली. याहू ग्रुप्स या चर्चागटांचा जुना मजकूरही असाच पुसला गेला. वेबॅक मशीन या २००१ पासून खुल्या असलेल्या, जालावरच्या जुन्या पानांच्या संग्रहात त्यातलं काही जपलेलं आहे. म्हणून पान सापडलं की त्याच दिवशी त्याची प्रत उतरवून घ्या आणि पान कोणत्या तारखेचं व तुम्ही पाहिलं कोणत्या तारखेला, अशा दोन्ही तारखा लिहा. उद्यावर टाकू नका.

मग जेधे शकावलीसारखी एक कोरडी शकावली तयार करा. तारीख, घटना, आधार, बस. शेरे नकोत, विशेषणं नकोत. दोन्ही वह्यांच्या तारखा एकाच कागदावर, पण वेगळ्या शाईने. मी जमिनीला काळी शाई वापरतो आणि दाव्याला निळी.

माणसांशी बोलायचं असेल तर सांभाळून. शाळकरी वयात कुणी या देशाचा मंत्री झाला असेल, आज त्याला ते नाव नकोसं असेल. खरं नाव छापण्याआधी विचारा, नकार आला तर पदाच्या नावावर भागवा.

शेवटी बेटावर जायचं असेल तर उन्हाळा धरा, तेव्हा सँ-मालोहून होड्या मिळतात. युद्धातला न फुटलेला दारूगोळा जमिनीत असल्याने बेटाचा मोठा भाग बंद आहे. पुळण आणि २०१८ मध्ये खुली झालेली पायवाट, एवढंच फिरता येतं, आणि पक्षी अंडी घालतात त्या दिवसांत वाटेवरही बंधनं येतात. निघण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघा, परतीच्या होडीची वेळ लिहून घ्या. कुंपणापलीकडे पाऊल टाकू नका. काळ्या शाईचं पेन जवळ ठेवा. निळं घरी राहिलं तरी चालेल.