लग्नसराईची काच: साडीच्या दुकानाची शोकेस कशी मांडावी

आठ फूट रुंद काचेसमोरून साध्या चालीने जाणाऱ्या बाईला ती काच ओलांडायला जेमतेम दोन सेकंद लागतात. तेवढ्यात तिच्या डोळ्यांत एकच गोष्ट भरते: एखादा रंग किंवा एखादा पदर. काचेत बारा साड्या टांगल्या तर त्यातली एकही दिसत नाही. आठ फुटांत तीन पुतळे पुरेत, चौथा ठेवायचा मोह टाळावा.

आधी समोरच्या फुटपाथवर उभे राहा

सकाळी अकरा, दुपारी चार आणि रात्री आठ अशा तीन वेळी रस्त्यापलीकडून मोबाइलवर काचेचा फोटो काढा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानात चार वाजताच्या फोटोत बहुधा साड्या दिसतच नाहीत, समोरची रिक्षा आणि तारा दिसतात. बाहेरचा उजेड आतल्यापेक्षा जास्त झाला की काचेचा आरसा होतो. त्यातून मागचा पडदा गडद असेल तर प्रतिबिंब आणखी ठसठशीत उमटतं. मोतिया, फिका अबोली किंवा हलका राखाडी पडदा लावा, बाहेर छज्जा किंवा कनात पुढे काढा आणि दुपारीही आतले दिवे चालू ठेवा.

मग उंची मोजा, आणि ती रस्त्यापासून मोजा. इथे चूक हमखास होते. दुकानाला तीन पायऱ्या असतात, म्हणजे 45 सेंटिमीटर तिथेच चढले. वर एक फुटाचा ओटा आणि त्यावर पुतळा उभा केला की साडीचा खालचा काठ बघणाऱ्याच्या कमरेच्या आसपास येतो आणि पदरासाठी मान वर करावी लागते. फुटपाथवरून जाणाऱ्या बाईची नजर साधारण 140 सेंटिमीटरवर असते. पदराचा भरलेला भाग त्याच्या आसपास यायला हवा. पायऱ्या उंच असतील तर ओटा काढूनच टाका, किंवा मधला पुतळा बसका घ्या.

कधी काय लावायचं

पितृपंधरवड्यात गिऱ्हाईक कमी असतं. जुनी मांडणी उतरवणं, काच आतून धुणं, वायरिंग तपासणं ही कामं याच पंधरा दिवसांत उरका. नवरात्रात रोजच्या रंगाची साडी दाराजवळच्या एकाच पुतळ्यावर बदलावी. नऊ साड्या आणि त्यांचे ब्लाउज घटस्थापनेच्या आधीच क्रमाने लावून ठेवले तर रोज सकाळी वीस मिनिटांत काम होतं. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, पण खरेदी त्याआधीच चालू झालेली असते. त्यामुळे लग्नाची काच दिवाळी संपताच उभी राहायला हवी. काळी चंद्रकळा संक्रांतीसाठी राखून ठेवा. लग्नाच्या काचेत ती दर्शनी लावू नये.

लग्नाच्या काचेत प्रसंग ठरवून घ्या: हळद, सीमांतपूजन, लग्न. गल्लीतल्या दहा दुकानांत लाल आणि डाळिंबी असणारच. तुम्ही हळदीचा पिवळा मोठ्या भागात घेऊन त्याशेजारी एकच जांभळी किंवा राणी रंगाची साडी लावली तर काच लांबून ओळखू येते. एक रंग मोठा, दुसरा लहान. तीन रंग सारख्याच वजनाचे झाले की नजर कुठेच थांबत नाही.

पुतळ्यावर साडी नेसवणं

पुतळे एका ओळीत उभे करू नका. दोन पुढे-मागे, तिसरा थोडा तिरका, आणि दोघांत किमान दीड फूट अंतर. काचेपासून एक फूट आत, नाहीतर पदर काचेला टेकतो आणि पावसाळ्यात ओल धरतो.

1. हात काढून ब्लाउज घाला, मग हात बसवा. सोनेरी, काळा आणि डाळिंबी असे तीन ताणणारे ब्लाउज बहुतेक साड्यांना चालतात.
2. फायबरचा खांदा गुळगुळीत असतो, पदर घसरतो. कमरेला आणि खांद्याला सुती बँडेजची पट्टी गुंडाळा.
3. साडीला इस्त्री न करता स्टीमर मारा, तोही उलट बाजूने आणि जरीपासून लांब धरून. घडीची रेघ राहिली तर कितीही भारी साडी जुनी वाटते.
4. निऱ्या सहा-सात, प्रत्येकी पाच इंच. कमरेला टाचणीऐवजी चिमटा लावा. काठ जमिनीपासून बोटभर वर राहू द्या.
5. पदर पसरट सोडा. एक कोपरा तंगूसने छताच्या हुकाला बांधून किंचित उचला. दोरा कापडाला बांधू नका, काठाला कापडी चिमटा लावून त्यात अडकवा.

टाचणी लावावीच लागली तर ती परकराला आणि ब्लाउजच्या शिवणीला. रेशमात टोचलेलं भोक बुजत नाही, साध्या टाचणीचा गंज निघत नाही, आणि ही साडी उद्या विकायची आहे.

हातमागाची अस्सल पैठणी असेल तर पदराचा एक कोपरा दुमडून उलट बाजू बाहेर दाखवा. मोर आणि वेल दोन्ही बाजूंनी सारखेच विणलेले असतात. जाणकार बाई दुकानात येऊन पहिल्यांदा तेच बघते. तिला ते काचेतूनच दिसू द्या.

उजेड

दिवे काचेच्या बाजूला, छतालगत, आतल्या दिशेने तिरके लावा. बरोबर डोक्यावर लावले की निऱ्यांत काळोख साचतो आणि मागून लावले की बघणाऱ्याच्या डोळ्यांत जातात. जरी आणि लाल-डाळिंबी रंगांसाठी 3000 केल्विनचा पिवळसर एलईडी, निळ्या-पांढऱ्यांसाठी 4000. एकाच काचेत दोन्ही मिसळू नका. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 90 किंवा जास्त आहे का ते वाचून घ्या. स्वस्त एलईडीत लाल रंग विटकरी दिसतो. मग गिऱ्हाईक साडी दारात नेऊन उन्हात बघतं, रंग वेगळा निघतो आणि विश्वास तिथेच उडतो. पदरावर अरुंद झोताचा एक दिवा आणि बाकी सगळीकडे पसरट उजेड एवढं पुरतं.

बदल आणि उतरवणं

रेशीम दहा-बारा दिवसांपेक्षा जास्त काचेत ठेवू नका, थेट ऊन येत असेल तर आठवड्याच्या आत बदला. काच सगळे अतिनील किरण अडवत नाही. विटलेला पट्टा बहुधा खांद्यावर आणि निऱ्यांच्या कडेवर दिसतो. मागच्या बाजूला रंग शाबूत असतो, म्हणून फरक विकताना उघडा पडतो. उतरवलेली साडी एक रात्र सावलीत वाऱ्यावर ठेवा, जुनी रेघ टाळून नवी घडी घाला आणि मलमलच्या कापडात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि जरी काळवंडते.