नेटवर्क टाकायचंय? आधी अंतर सांगा

रावेरची केळीची आडत असो की चोपड्याची जिनिंग, मी मालकाला पहिलं विचारतो, "शेठ, कुठून कुठपर्यंत जोडायचं?" नेटवर्कचा प्रकार मुख्यतः अंतरावरूनच ठरतो. मोबाईल आणि ब्लूटूथचा हेडफोन, हे पॅन. एका इमारतीतले कॉम्प्युटर-प्रिंटर, लॅन. शहरभर पसरलं की मॅन. रावेरची आडत दिल्लीच्या गाळ्याशी जोडली, तर वॅन. आपलं काम बहुतेक लॅनचंच.

मधे नेटवर्कचा स्विच, म्हणजे सगळ्या केबल जिथे एकत्र जोडतात तो डबा बसवा, तिथून प्रत्येक कॉम्प्युटरला वेगळी केबल न्या. ही स्टार रचना. एक वायर उंदरांनी कुरतडली तरी बाकीचे चालतात. जुन्या बस रचनेत मुख्य केबल तुटली की सगळेच ठप्प. इंटरनेटसाठी राउटर, म्हणजे आपलं नेटवर्क बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारा डबा, वेगळा लागतो. आणि स्विच पत्र्याखाली ठेवू नका, आपल्याकडचा मे महिना माणसाला सोसत नाही, त्याला काय सोसणार!

केबल कॅट ६ दर्जाची, अस्सल तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती नको. एक तुकडा १०० मीटरच्या आत ठेवा. वजनकाटा त्याहून लांब असेल तर फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल. केबलच्या टोकाला बसवायच्या कनेक्टरची क्लिप खाली, वायर घालायचं तोंड आपल्याकडे धरून डावीकडून आतल्या वायरी लावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम.

शेवटी आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्या कॉम्प्युटरचा नंबर बघा. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर बहुधा ठीक. १६९.२५४ दिसला, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. आधी क्रिम्पिंग, म्हणजे कनेक्टर वायरींवर नीट दाबून बसलाय का, ते तपासा.