व्हॉल्व्हचा जुना टीव्ही दुरुस्त करताना या चुका टाळा

कित्येक दशके अडगळीत पडून असलेला व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, टीव्ही हाती आला, की तो चालतो का हे पाहण्याची घाई कोणालाही होते, आणि अशा संचांचे सर्वांत मोठे नुकसान नेमके त्या पहिल्या काही मिनिटांत होते. बंद असताना त्यातले भाग फक्त जुने झालेले असतात. वीज मिळाल्याबरोबर त्यांतला एखादा कमकुवत भाग शेजारच्या चांगल्या भागालाही सोबत घेऊन जळतो. सुरुवातीच्या काळात मी एका संचाला असाच थेट पुरवठा दिला होता. व्हॉल्व्ह उजळले, स्पीकरमधून जाड घरघर आली आणि दोनेक मिनिटांत मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून तापलेल्या मेणाचा वास येऊ लागला. प्लग ओढेपर्यंत पिक्चर ट्यूबसाठी उच्च विद्युतदाब (पुढे नुसता ‘दाब’) तयार करणाऱ्या फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरचे मेण चेसिसवर, म्हणजे सर्व भाग बसवलेल्या धातूच्या सांगाड्यावर, ओघळले होते. मूळ दोष एका कागदी कपॅसिटरचा होता. गेला तो मात्र असा ट्रान्सफॉर्मर, की ज्याचा जोड मला आजपर्यंत मिळालेला नाही.

हे का घडते ते समजून घेतले, तर पुढची बरीचशी दुरुस्ती सोपी होते. त्या काळचे कागदी कपॅसिटर म्हणजे धातूचा पातळ पत्रा आणि कागद यांची मेणात बुडवलेली गुंडाळी. वर्षानुवर्षे कागद ओलावा शोषतो आणि कपॅसिटर गळका होतो, म्हणजे जो डीसी दाब त्याने अडवायचा तो थोडाथोडा पलीकडे जाऊ लागतो. असा कपॅसिटर पडद्यावरच्या आडव्या रेषांची लय तयार करणारा ऑसिलेटर आणि त्या लयीवर फ्लायबॅक चालवणारा हॉरिझॉन्टल आउटपुट व्हॉल्व्ह यांच्यामध्ये असेल, तर व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर, जो ऋण दाब हवा तो राहत नाही, व्हॉल्व्ह कितीतरी पट जास्त प्रवाह ओढतो, त्याची प्लेट लाल होते आणि तो सगळा ताण फ्लायबॅकच्या वेटोळ्यावर पडतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या आतला ऑक्साइडचा थर दीर्घकाळ दाब न मिळाल्याने झिजतो, द्रव सुकतो, आणि पुरवठा मिळताच ते तापतात किंवा फुटतात. म्हणून सर्व कागदी कपॅसिटर आणि फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आधी बदलावेत आणि वीज नंतर द्यावी. त्याआधी मीटरने मेन्स (घरगुती वीजपुरवठा) ट्रान्सफॉर्मर, फ्लायबॅक, योक (ट्यूबच्या मानेवरची वेटोळी) आणि पिक्चर ट्यूबचा हीटर (आतली तापणारी तार) अखंड आहेत का, एवढे जरूर पाहावे.

येथे व्हेरिअ‍ॅकविषयीचा एक समज दूर करणे आवश्यक वाटते. दाब कमीजास्त करता येणाऱ्या या ट्रान्सफॉर्मरने पुरवठा हळूहळू वाढवला म्हणजे संच सुखरूप राहतो, असे अनेक जण मानतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरना त्याचा थोडाफार उपयोग होतो हे खरे, पण गळका कागदी कपॅसिटर कितीही सावकाश दाब दिला तरी सुधारत नाही. शिवाय कमी दाबावर हॉरिझॉन्टल ऑसिलेटर सुरूच होत नाही आणि आउटपुट व्हॉल्व्हला त्याच्याकडून मिळणारा ऋण दाबही मिळत नाही, त्यामुळे तो व्हॉल्व्ह मधल्याच अवस्थेत ताणाखाली राहतो. त्यापेक्षा मेन्सच्या वायरीत मालिकेने जोडलेला जुन्या तारेचा शंभर वॅटचा दिवा जास्त कामाचा आहे. शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण पेटून राहतो, आणि सारे ठीक असेल तर क्षणभर उजळून मंदावतो.

जीवावर बेतणाऱ्या चुका

व्हेरिअ‍ॅकबद्दलचा दुसरा गैरसमज याहून गंभीर आहे. व्हेरिअ‍ॅक हा ऑटोट्रान्सफॉर्मर, म्हणजे एकाच वेटोळ्याचा ट्रान्सफॉर्मर, असतो. तो दाब कमीजास्त करतो, पण संचाला मेन्सपासून वेगळे करत नाही. अनेक संचांमध्ये मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो, सर्व व्हॉल्व्हचे हीटर मालिकेत जोडलेले असतात आणि पुरवठ्याची एक तार थेट चेसिसला येते. प्लग उलटा बसला, तर संपूर्ण चेसिस आणि नॉब निघाला असल्यास त्याखालचा धातूचा दांडा फेजवर येतो. असा संच मेन्सपासून वेगळे करणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय टेबलावर उघडा चालवू नये. तो ट्रान्सफॉर्मर असला तरी दोन वेगवेगळ्या बिंदूंना दोन हात लागले, तर धक्का बसतोच. म्हणून चालू संचात एकाच हाताने काम करण्याची सवय लावून घ्यावी.

पिक्चर ट्यूबच्या अ‍ॅनोडवर (उच्च दाबाच्या टोकावर) कृष्णधवल संचात साधारण दहा ते अठरा हजार व्होल्ट असतात, रंगीत संचात पंचवीस हजारांपर्यंत. ट्यूबची काच, आतला लेप आणि बाहेरचा काळा ग्रॅफाइटचा लेप मिळून एक कपॅसिटर तयार होतो, आणि प्लग काढल्यानंतरही तो भार धरून ठेवतो. तो उतरवताना जोडवायरीचे एक टोक प्रथम बाहेरच्या काळ्या लेपावरून जाणाऱ्या तारेच्या पट्टीला किंवा चेसिसला लावावे, आणि मगच दुसऱ्या टोकाचा, उच्च दाबाच्या रोधातून आलेला, चांगल्या इन्सुलेशनचा प्रोब रबरी टोपीखाली सरकवावा. काही मिनिटांनी हेच पुन्हा करावे, कारण काचेत मुरलेला भार परत वर येतो. 1949-50 च्या सुमाराच्या काही संचांत धातूच्या शंकूच्या गोल पिक्चर ट्यूब होत्या, उदाहरणार्थ 16एपी4. त्यांचा शंकूच पूर्ण उच्च दाबावर असतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या संचांत हा दाब थेट मेन्स ट्रान्सफॉर्मरवरून घेतलेला असे. फ्लायबॅकचा धक्का कडक असला तरी त्यामागचा प्रवाह अगदी थोडा असतो. या मेन्सवरच्या पुरवठ्यामागे मात्र माणूस मारण्याइतका प्रवाह असतो. असे संच अनुभव आल्याशिवाय उघडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरेदी करताना लोक लाकडी कॅबिनेटची चकाकी पाहतात आणि पिक्चर ट्यूब पाहतच नाहीत. चेसिसवरचे जवळजवळ सर्व काही दुरुस्त होते, पण ट्यूबची गन, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, बदलून तिला पुन्हा निर्वात करून देणारे कारखाने आता जवळपास उरलेले नाहीत. म्हणून मागचे झाकण काढून ट्यूबच्या मानेजवळचा गेटर, म्हणजे उरलीसुरली हवा शोषणारा धातूचा लेप, पाहावा. तो चंदेरी असेल तर आशा आहे. दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे, आणि तिथे कोणताही उपाय चालत नाही. 1954 च्या आरसीए सीटी-100 या रंगीत संचातील 15जीपी22 ट्यूब काच आणि धातू यांच्या सांध्यातून गळण्याबद्दल संग्राहकांमध्ये परिचित आहे. ट्यूब मानेला धरून कधीही उचलू नये; डोळ्यांवर चष्मा आणि हातांत जाड मोजे असावेत. मानेवर आयन ट्रॅपचे (आयन पडद्यापर्यंत जाऊ न देणारे) लहान चुंबक असेल, तर ते काढण्यापूर्वी त्याची जागा खूण करून ठेवावी. चुकीच्या जागी बसवलेल्या चुंबकामुळे पडदा काळा राहतो आणि लोक चांगली ट्यूब मेलेली समजतात. तशाच अवस्थेत संच चालू ठेवला तर गनचेही नुकसान होते.

कपॅसिटर बदलताना

कपॅसिटर बदलण्याचे काम कंटाळवाणे असल्यामुळे एका बैठकीत वीस-तीस काढून मग नवे लावण्याचा मोह होतो. एक काढावा, त्याच जागी एक लावावा, सर्किट डायग्रामवर खूण करावी आणि पाच-सहा बदलले की वीज न देता सर्व जोडण्या डायग्रामशी ताडून पाहाव्यात. नाहीतर एक चुकीची जोडणी शोधण्यात अनेक संध्याकाळी जातात. जुन्या इलेक्ट्रोलिटिकला समांतर नवा जोडणे हीदेखील चूक आहे, कारण जुन्याचा गळका प्रवाह तसाच राहतो. जुना आधी सर्किटमधून सोडवावा. कागदी कपॅसिटरच्या जागी 630 व्होल्टचे पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर योग्य ठरतात, पण जो कपॅसिटर मेन्सच्या दोन तारांमध्ये किंवा मेन्स आणि चेसिस यांच्यामध्ये असतो, तिथे सुरक्षिततेसाठी प्रमाणित एक्स किंवा वाय वर्गाचाच भाग हवा. अभ्रकाचे आणि सिरॅमिकचे कपॅसिटर बहुधा चांगले निघतात. उगाच काढले तर ट्यूनिंग बिघडण्याचीच शक्यता जास्त. कार्बनचे रोध मात्र मोजून पाहावेत, कारण त्यांचे ओहममधले मूल्य वर्षांगणिक वर सरकते.

सेलेनियमचा रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) जळला की सडक्या वासाचा विषारी धूर निघतो, त्यामुळे तो काढून सिलिकॉन डायोड लावणे शहाणपणाचे आहे. मात्र डायोडमध्ये दाबाची घट कमी होते, म्हणून मालिकेत योग्य रोध न टाकल्यास पुढचा सर्व पुरवठा वाजवीपेक्षा जास्त चढतो.

व्हॉल्व्ह बदलण्यात एक सूक्ष्म चूक वारंवार दिसते. पीसीएल82 आणि ईसीएल82 आतून सारखेच असतात, पण पहिल्याचा हीटर 16 व्होल्ट आणि 0.3 अँपिअरचा, तर दुसऱ्याचा 6.3 व्होल्ट आणि 0.78 अँपिअरचा आहे. 300 मिलिअँपिअरच्या मालिकेत ई गटातला, म्हणजे नावात पहिले अक्षर ‘ई’ असलेला, व्हॉल्व्ह बसवला तर तो नीट तापतच नाही. मालिकेतला एक हीटर तुटला तर सगळा संच अंधारतो. अशा वेळी नवे व्हॉल्व्ह विकत घेण्याआधी एकेकाचा हीटर मीटरने तपासावा. धूळ पुसतानाही सावध असावे. काचेवरचे क्रमांक साध्या बोटानेही निघून जातात, आणि एकदा निघाले की व्हॉल्व्ह कोणता हे ओळखणे कठीण होते. असा पुसट झालेला क्रमांक काचेवर तोंडाची वाफ सोडल्यावर कधीकधी क्षणभर दिसतो. तेवढ्यात तो टिपून घ्यावा.

लक्षण दिसल्याबरोबर आयएफच्या (मधल्या वारंवारतेच्या विभागातल्या) मेणाने बंद केलेल्या कोअर फिरवू लागणे ही माझ्या मते सर्वांत वाईट सवय आहे. ते फेराइट स्क्रू ड्रायव्हरखाली फुटतात, आणि मूळ जुळणी स्वीप जनरेटर या जुळणीच्या उपकरणाशिवाय परत मिळत नाही. दोष बहुतेक वेळा अन्यत्र असतो. आवाज येतो पण पडदा काळा असेल, तर हॉरिझॉन्टल विभाग पाहावा. चित्रात आडवे गडद पट्टे सरकत असतील, तर फिल्टरचे कपॅसिटर पाहावेत. चित्र खालच्या बाजूला दाबले जात असेल, तर व्हर्टिकल आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडचा इलेक्ट्रोलिटिक आणि जोडणीचा कपॅसिटर तपासावा. पडद्यावर फक्त एक लखलखती आडवी रेघ राहिली, तर आधी ब्राइटनेस कमी करावा, अन्यथा तेवढा फॉस्फर कायमचा जळतो. ब्राइटनेस वाढवताच चित्र फुगून मंद होत असेल, तर उच्च दाबाचा रेक्टिफायर व्हॉल्व्ह कमकुवत झालेला असू शकतो.

सगळे बदलूनही चित्र स्थिर होत नसेल, तर संच कोणत्या प्रमाणासाठी बनला आहे ते पाहावे. ब्रिटनमधील 405 रेषांची सेवा 1936 मध्ये सुरू होऊन जानेवारी 1985 मध्ये बंद झाली. त्या संचाचा हॉरिझॉन्टल ऑसिलेटर सेकंदाला 10,125 वेळा चालतो, तर 625 रेषांच्या संचाचा 15,625 वेळा. 405 च्या संचाला 625 चा संकेत देऊन होल्डचे (चित्र स्थिर करणारे) बटण फिरवत राहण्यात अर्थ नाही, आणि सर्किट बदलून त्याला नव्या प्रमाणावर आणणे म्हणजे त्याचे मूळ रूप पुसून टाकणे होय. प्रमाण बदलून देणारा कन्व्हर्टर आणि त्याच चॅनेलवर संकेत पाठवणारा मॉड्युलेटर बाहेरून जोडावा. संचाच्या आत एकही तार हलवावी लागत नाही.