व्हर्जिनियातील मळेवाल्याचे मृत्युपत्र वाचताना वाटल्या गेलेल्या माणसांचा माग कसा काढावा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अनेक घरांत जुनी वाटणीपत्रे आणि उतारे कापडात बांधून जपलेले असतात. ते वाचायची सवय असलेल्याला अमेरिकेतील व्हर्जिनियाचे अठराव्या शतकातील मृत्युपत्र प्रथमदर्शनी फारसे परके वाटत नाही. थोरल्याला कोणती जमीन, विधवेला काय, धाकट्यांना किती, हा क्रम ओळखीचा असतो आणि निपाणीकराला तर त्या जमिनीतला तंबाखूही ओळखीचा असतो. फरक असा की तेथे जमीन आणि गुरांच्या जोडीने गुलाम माणसांचीही वाटणी होते. वारसांची वंशावळ कागद आपसूक सांगतो. वाटल्या गेलेल्यांची मात्र मुद्दाम जुळवावी लागते, आणि माझ्या मते वाचनाचे खरे काम तेच आहे.

आधी तारीख पक्की करावी. 1752 पूर्वी इंग्रजी वसाहतींत नवे वर्ष 25 मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी ते मार्चमधील नोंदीत 1731/32 असे जोडवर्ष आढळते. तारीख कळली की त्या वेळी कोणता कायदा लागू होता ते पाहावे. 1662 च्या कायद्याने मूल गुलाम की स्वतंत्र हे आईच्या स्थितीवरून ठरू लागले. 1705 च्या कायद्याने गुलामांना वारसाहक्कापुरते जमिनीसारखी स्थावर मालमत्ता मानले. 1723 पासून गव्हर्नर आणि त्याच्या मंडळाच्या संमतीशिवाय गुलामाला मुक्त करता येत नव्हते. अशा संमतीशिवाय मुक्त करण्याची मुभा मालकांना 1782 मध्ये मिळाली. त्यामुळे 1750 च्या मृत्युपत्रात मुक्ततेचा उल्लेख नाही एवढ्यावरून मालकाच्या मनाविषयी निष्कर्ष काढू नये, आणि 1790 च्या मृत्युपत्रात तो नसेल तर ती बाब गंभीरपणे नोंदवावी.

यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे: मालकी कोणाची आणि किती काळाची? येथे आपल्याकडचा अनुभव उपयोगी पडतो. 1956 पूर्वी हिंदू विधवेला बहुधा हयातीपुरताच मर्यादित हक्क मिळे, हे जुन्या कागदांतून आपण पाहिलेले असते. व्हर्जिनियातील विधवेचा एकतृतीयांश वाटाही असाच हयातीपुरता असे. त्यातील गुलामांना ती मुक्त करू शकत नसे आणि तिच्यानंतर ते पतीच्या वारसांकडे जात. डॅनियल पार्क कस्टिस 1757 मध्ये मृत्युपत्र न करता वारला, तेव्हा त्याची विधवा मार्था हिच्या वाट्याला ऐंशीहून अधिक गुलाम आले. 1759 मध्ये तिने जॉर्ज वॉशिंग्टनशी विवाह केला आणि ही माणसे त्याच्या व्यवस्थेखाली आली, पण त्याच्या मालकीची झाली नाहीत. स्वतः वॉशिंग्टनला वयाच्या अकराव्या वर्षी, 1743 मध्ये, वडिलांकडून दहा गुलाम मिळाले होते. 1799 मध्ये माउंट व्हर्नन या त्याच्या मळ्यावर 317 गुलाम होते. त्यांपैकी 123 त्याचे, 153 कस्टिस वाट्याचे आणि बाकीचे मुख्यतः भाड्याने आणलेले होते.

म्हणून मृत्युपत्र एकटे वाचू नये; त्याच्याशेजारी मालमत्तेची यादी ठेवावी. कौंटी (जिल्हा) न्यायालयाने नेमलेले मूल्यमापक भांडी, घोडे आणि माणसे यांच्यापुढे पाउंड, शिलिंग, पेन्समध्ये किंमत लिहीत. 12 पेन्सचा शिलिंग आणि 20 शिलिंगांचा पाउंड. एका स्त्रीच्या नावाखाली लागोपाठ मुले दिसली तर ते कुटुंब असण्याचा संभव असतो, पण दुसऱ्या कागदाच्या आधाराशिवाय तसे ठाम लिहू नये. मृत्युपत्रात स्त्रीच्या नावापुढे ‘तिची पुढील वाढ’ असे शब्द येतात, तेथे थांबावे. जमिनीच्या उत्पन्नासारखा वाटणारा हा शब्द तिला पुढे होणाऱ्या मुलांसाठी आहे. ती जन्मण्याआधीच कोणाची तरी होत. तसेच मूळ कागदात ‘नोकर’ असा शब्द असला तरी मुदतीच्या कराराने आलेला गोरा मजूर आणि जन्मभराचा गुलाम यांत फरक करावा. मराठीत लिहिताना ‘गडी’ हा शब्द टाळावा. आपल्याकडच्या सालगड्याची ओढग्रस्ती कितीही खरी असली, तरी त्याची मुले वाटणीपत्रात लिहिली जात नव्हती.

आता वहीचे पान आडवे धरून दर माणसाला एक ओळ द्यावी: नाव, वय, काम, आई, जोडीदार, कोणाच्या मालकीचा, पुढे कोणाकडे गेला. सरावासाठी वॉशिंग्टनची 1799 ची यादी उत्तम आहे. ती अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या फाउंडर्स ऑनलाइन या संकेतस्थळावर वाचता येते. त्यात त्याचे आणि कस्टिस वाट्याचे गुलाम वेगवेगळ्या रकान्यांत असून अनेकांच्या जोडीदाराचीही नोंद आहे. पती एका रकान्यात आणि पत्नी दुसऱ्यात अशा जोड्या निवडाव्यात. वॉशिंग्टनच्या मृत्युपत्राने त्याचा खासगी सेवक असलेला गुलाम विल्यम ली याला तत्काळ मुक्ती आणि वर्षाला 30 डॉलर दिले. त्याच्या मालकीच्या इतरांना मार्थाच्या मृत्यूनंतर मुक्ती मिळायची होती, पण तिने ती 1 जानेवारी 1801 रोजीच दिली. 1802 मध्ये ती वारल्यावर कस्टिस वाट्याची माणसे तिच्या चार नातवंडांत वाटली गेली. आई कस्टिस रकान्यात असेल, तर बाप मोकळा होऊनही मुले त्या चौघांपैकी कोणाच्या तरी वाट्याला गेली असे समजावे आणि ओळीच्या शेवटच्या घरात त्या वारसाचे नाव शोधून लिहावे.